पोहता येत नसताना ग्रेट बॅरियर रीफ पाहायला केर्न्सला जावं का? डिसेंबरमधले पाच दिवस पुरतील का?

मुलगी मेलबर्नला शिकते, तुम्ही ६३ वर्षांचे, सौ. ५८ च्या, दोघांनाही पोहता येत नाही, आणि डिसेंबरात तिच्या सुट्टीत पाच दिवस ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्सला जाऊन रीफ (समुद्रातली प्रवाळाची लांबलचक रांग) आणि तिथून उत्तरेचं डेंट्रीचं जंगल दोन्ही पाहायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, "पोहता येत नसेल तर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का?" या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. अर्थ आहे, नक्की जा. फक्त दिवस कसे लावता त्याला फार महत्त्व आहे.

मी मूळची सांगलीची. चार वर्षं केर्न्समध्ये नोकरीला होते, आता ब्रिस्बेनला असते. आई-बाबांना केर्न्सला दोनदा नेलं. पहिल्या खेपेला मी सगळं छान आखलं होतं. आधी गाव, मग कुरांडा हे डोंगरातलं गाव, मग जंगल, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून रीफ शेवटच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी फोन आला की वारा जोराचा आहे, उद्या बोट सुटणार नाही. परवा सकाळचं विमान होतं. आई काही बोलली नाही, पण धक्क्यावर उभी राहून समुद्राकडे बघत राहिली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला पुन्हा आणायला मला दोन वर्षं लागली. म्हणून कळकळीने सांगते, रीफ पहिल्या पूर्ण दिवशी ठेवा आणि मागे एक दिवस मोकळा राखा. बोट रद्द झाली तर तो कामी येईल, नाही झाली तर त्या दिवशी कुरांडा करा.

रीफ आधी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या मुलीला तिथे स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी मारण्याचा, मोह होईल, आणि स्कूबा केल्यावर साधारण २४ तास विमानात बसायचं नसतं. उंच डोंगरावरही लगेच जायचं नसतं, तेव्हा केर्न्सच्या मागच्या डोंगरावरचं अ‍ॅथर्टनचं पठार त्यानंतर एक दिवस तरी सोडून ठेवा.

आता महिन्याचं. जमत असेल तर डिसेंबर टाळा. तिथला पावसाळा डिसेंबर ते एप्रिल, आणि त्याच काळात चक्रीवादळं येतात. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर वादळ केर्न्सच्या उत्तरेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याने केलं त्याहून जास्त नुकसान मागून काही दिवस कोसळलेल्या पावसाने केलं. बॅरन नदीला पूर आला, विमानतळावर पाणी शिरलं, उत्तरेकडचे रस्ते खचले. दरवर्षी असं होत नाही, पण पाच दिवसांची सहल या भरवशावर आखू नये. शिवाय नोव्हेंबर ते मे हा किनाऱ्याजवळ विषारी जेलीफिश असण्याचा काळ. मुलीला जून अखेर ते जुलैमध्येही विद्यापीठाची सुट्टी असते. तेव्हा या. हवा कोरडी, दिवसा सुखद ऊन, संध्याकाळी अंगावर पातळ स्वेटर.

जुलैत सगळं सुरळीत असतं असं मात्र समजू नका. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, तेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि समुद्र खवळलेला असू शकतो. आमची पहिली बोट जुलैतच रद्द झाली होती. समुद्र सगळ्यात शांत मिळतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण तेव्हा उकाडा सुरू झालेला असतो. तेव्हा कुठल्याही महिन्यात जा, तो एक मोकळा दिवस हवाच.

केर्न्सचा किनारा बघून बरेच जण हिरमुसतात, तर आधीच सांगून ठेवते. (तिथले लोक नावातला 'र' जवळजवळ गिळतात, 'कॅन्झ' म्हणतात.) गाव समुद्राला लागून आहे, पण समोर वाळू नाही. ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर चिखल. पक्षी पाहायला तो उत्तम, पोहायला नाही. म्हणून नगरपालिकेने किनाऱ्यालगतच खाऱ्या पाण्याचा मोठा उथळ तलाव बांधलाय, फुकट आहे. पोचल्या दिवशी संध्याकाळी तिथे जा आणि दोघंही गुडघाभर पाण्यात उभे राहून स्नॉर्केलचा मास्क (डोळे-नाक झाकणारा, सोबत तोंडाने श्वास घ्यायची नळी) तोंडाला लावून बघा. नाक बंद, श्वास तोंडाने, एवढं अंगवळणी पडायला पंधरा मिनिटं पुरतात. आईला मी दुसऱ्या खेपेला हेच करायला लावलं, आणि बोटीवर त्याचा फार उपयोग झाला.

रीफ किनाऱ्यापासून लांब आहे. मोठ्या बोटीने बाहेरच्या रीफपर्यंत दीड-दोन तास लागतात. तुमच्यासाठी अशी सहल निवडा जिच्यात रीफवर तरंगता फलाट नांगरून ठेवलेला असतो. त्याला पाण्यात उतरायच्या पायऱ्या असतात, खाली कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला जागा असते, काचेच्या तळाची बोट असते, आणि जिचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो अशी खिडक्यांची बोटही असते. कोरड्या कपड्यांत बसूनसुद्धा पुष्कळ दिसतं. समुद्राचीच धास्ती असेल तर ग्रीन आयलंड बरं. बोटीने पाऊण तास, धक्का आहे, वाळूवरून पाण्यात उतरता येतं. पण तिथल्या प्रवाळाला बाहेरच्या रीफची सर नाही.

मात्र खिडकीतून बघून परत येऊ नका. आई ६१ वर्षांची होती, कृष्णेच्या घाटावरसुद्धा दुसऱ्या पायरीच्या खाली न गेलेली. तिने अंगभर स्टिंगर सूट, म्हणजे जेलीफिशपासून वाचवणारा पोशाख, चढवला. बोटीवरच देतात, लायक्राचा असतो, डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकतो, त्यामुळे पोहायच्या कपड्यांचा संकोचही राहत नाही. तरंगायचं जॅकेट घातलं, आणि गाइडने ओढायच्या गोल रिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पहिली दोन मिनिटं डोकं वरच. मग तिने तोंड पाण्यात घातलं आणि मला फक्त तिची पाठ दिसायला लागली. थोड्या वेळाने मान वर काढून, मास्क कपाळावर सारून म्हणाली, "अगं, खाली कुणीतरी चकली खातंय." मी कान दिला तर खरंच कुडुम-कुडुम ऐकू येत होतं. निळा-हिरवा पॅरटफिश होता, पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडत होता. हे मासे खडकासकट खातात आणि त्याचा भुगा वाळू होऊन मागून बाहेर पडतो. तिथल्या बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्यांचा मोठा वाटा आहे. आई पाऊण तास पाण्यात होती. अजून फोनवर बोलताना तिला त्या माशाची आठवण येते.

बोटीवर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात खरं तेच लिहा. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचं काही असेल तर लपवू नका. "सांगितलं तर पाण्यात सोडणार नाहीत" या भीतीने आपल्याकडचे बरेच जण रकाना कोरा सोडतात. वय जास्त असलं किंवा आजार असला तर बहुधा वेगळ्या रंगाची खूण देतात, तरंगायचं साधन देतात आणि लक्ष ठेवायला माणूस जवळ असतो. ती सोय तुमच्यासाठीच आहे. हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना मात्र विचारा. मळमळीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. हलकं खाऊन निघा आणि मागच्या बाजूला, क्षितिज दिसेल असं बसा.

प्रवाळाबद्दल खरं सांगायला हवं. फोटोत दिसतात तसे भडक रंग सगळीकडे नाहीत. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला अन्न पुरवतं आणि बराचसा रंगही त्याचाच. पाणी बरेच आठवडे नेहमीपेक्षा गरम राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी असं मोठ्या प्रमाणावर झालं. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. २३०० किलोमीटर लांबीच्या रीफमध्ये एक तुकडा करडा आणि शेजारचा बहरलेला, असंही दिसतं. मला ते करडे तुकडे पाहून फार वाईट वाटतं, आणि तरीही वाटतं की लोकांनी येऊन पाहावं. फक्त पाय टेकवू नका, हात लावू नका, दमलात तर रिंगेवर तरंगत राहा.

डेंट्रीसाठी दोन दिवस आणि एक मुक्काम ठेवा. कुक हायवे समुद्राच्या कडेकडेने पोर्ट डग्लसच्या दिशेने जातो, तासाभराचा रस्ता, पण थांबत थांबत जा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. आम्ही गेलो तेव्हा पुढे मॉसमनच्या आसपास दोन्ही अंगांना ऊस लागला. बाबांनी गाडी थांबवायला लावली, बांधावर उभं राहून पेऱ्यांमधलं अंतर बघत राहिले. या भागात उसाला छोटी रेल्वे असते. अरुंद रुळांवरून उसाचे डबे कारखान्यात जातात. जून ते नोव्हेंबर गाळपाचा हंगाम, तेव्हा केर्न्सच्या दक्षिणेला गॉर्डनव्हेलकडे ती गाडी दिसू शकते.

मॉसमन गॉर्ज (जंगलातली नदीची घळ) हा कुकू यलांजी या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश. त्यांच्यापैकीच कुणी वाटाड्या सोबत घेऊन चालायची सोय आहे, ती नक्की घ्या. त्यांच्या रीतीप्रमाणे आधी धुरातून जायचं, मग जंगलात शिरायचं. देवराईत पाऊल टाकताना आवाज आपोआप खाली येतो, तसं तिथे झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यलांजी लोकांना परत मिळाली, ते आता सरकारबरोबर त्याचा कारभार पाहतात. कुठलं झाड कशाला उपयोगी, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर नुसतं हिरवं दिसत नाही.

डेंट्री नदी तारेवर चालणाऱ्या फेरीने ओलांडायची, गाडीसकट. पलीकडे मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, पेट्रोल आधीच भरून घ्या. केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधी गाडी चालते. त्यापुढे साध्या गाडीने जाऊ नका. मारडजा आणि जिंडालबा या लाकडी फळ्यांच्या पायवाटा गुडघेदुखी असलेल्यांनाही जमतात. रस्त्यात कॅसोवरी दिसला तर गाडीतच बसून राहा. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा हा पक्षी उडत नाही, पण पायाची नखं घातक असतात. जंगलातली मोठी फळं तो अख्खी गिळतो आणि बिया लांबवर टाकतो. काही झाडांचं पसरणं बरंचसं त्याच्यावरच अवलंबून आहे. त्याला खायला घालू नका, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर गाडी चालवू नका.

मगरींच्या पाट्या शोभेच्या नाहीत. नदीच्या काठाशी, खाडीच्या तोंडाशी, फेरीची वाट बघतानाही पाण्यापासून लांब उभे राहा. मगर पाहायची असेल तर डेंट्रीवरच्या बोटीतून पाहा. हिवाळ्यात त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात, सहसा दिसतातच.

कुरांडा एका दिवसात आरामात होतं. जाताना डोंगरातली जुनी रेल्वे, येताना जंगलावरून जाणारा रोपवे. गावात बाजार आहे, बाकी फारसं काही नाही. मजा जाण्यायेण्यातच आहे.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. केर्न्समध्ये शुक्रवार ते रविवार रस्टीज मार्केट भरतं, तिथे फणस, पपई, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता मिळून जातो. आणि घरून काही खायचं नेणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर "खाद्यपदार्थ आहेत" यावर खूण करा. ताजी फळं, कढीपत्ता, बी-बियाणं नेऊच नका. बाबांनी बेसनाचे लाडू आणि मेतकूट दोन्ही लिहून दाखवलं. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला आणि दोन्ही परत दिलं. लिहिलं नसतं तर दंड झाला असता.

महिना बदलता आला तर इथेच खाली लिहा, मुलीच्या सुट्टीच्या तारखाही द्या. कुठल्या दिवशी काय ठेवायचं ते मी तुम्हाला बसवून देईन.