‘देवाची वेळ’ आणि अडकलेला परवाना

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, तीन वर्षं नोकरी केली. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीनं आफ्रिकेत, मलावीतल्या एका मिशन दवाखान्यात दोन वर्षांसाठी आले. नऊ महिने झाले, कामाचा परवाना नाही, म्हणून पेशंटला हात लावता येत नाही. स्टोअरमध्ये हातमोजे मोजते. विचारलं की सगळे म्हणतात, देवाच्या वेळेवर विश्वास ठेव. आई फोनवर एकच विचारते, ‘कवा येतं वं?’ माझं करिअर वाया चाललंय, की माझाच विश्वास कमी पडतोय?

उत्तर : पोरी, तू दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेस. परवाना का अडला, हा कागदाचा प्रश्न. देवानं मला इथं का थांबवलं, हा दुसरा. मीही दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या घरातली आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला चिकटवून माणसं कशी मोकळी होतात, ते मी पाहिलंय.

म्हणून आधी कागद. अर्ज खरंच दाखल झालाय का? त्याची पावती कुणाकडे आहे, तारीख कोणती? तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे तुझी नोंदणी सुरू केली, की ती परवान्यानंतर बघू म्हणून ठेवून दिली? सध्या कोणत्या व्हिसावर आहेस आणि तो कधी संपतो? पासपोर्ट तुझ्याच पेटीत आहे ना? हे विचारणं अविश्वास नाही. तोंडी नको, लेखी विचार. राजधानीत, लिलाँग्वेच्या भारतीय उच्चायुक्तालयात नावही कळवून ठेव. आणि परवान्याशिवाय पेशंटला हात लावत नाहीस, ते अगदी बरोबर करतेस. कुणी ‘एवढं चालतं’ म्हणालं तरी लावू नकोस.

आता वेळेचं. तू कापसाच्या मुलखातली, तुला धूळपेरणी सांगायला नको. एका वर्षी माझ्या बाबांनी पाऊस येणारच म्हणून कोरड्यात सरकी टोबली. एक शिंतोडा आला नि पाऊस गेला. बाबा बोटानं माती उकरून बघत होते. सरकी फुटलेली, पण पांढरं मूळ वाळून दोऱ्यासारखं झालेलं. दुबार पेरणीला बियाण्याची थैली उधारीनं आणली. ही गोष्ट आमच्याकडे धीर धरा म्हणून सांगतात. पण त्याच शिवारात पाऊस पडल्यावरही ‘अजून एक चांगला येऊ दे’ म्हणत थांबलेले होते, त्यांची जुलै निघून गेली. थांबण्यालाही शेवटची तारीख असते, हे शेतकऱ्याला कळतं. मंडळीत मात्र ते कुणी बोलत नाही.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 16 वा अध्याय पुन्हा काढ. पौलाला आसियात वचन सांगायची मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि मग त्रोवसात ‘मासेदोनियात ये’ असा दृष्टान्त झाला. दारं बंद झाली ती तो चालत असताना. एकाच दाराशी बसून राहिला असता, तर त्रोवसापर्यंत पोचला कसा असता?

आपल्या नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप घे. 1845 साली आला, अठरा वर्षं राहिला. शाळा चालवली, गोंडी भाषेचे शब्द टिपले, दगड आणि जीवाश्म गोळा केले. 4 सप्टेंबर 1863 ला बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुरात बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज सुरू झालं 1883 साली. हे ऐकून लगेच भारावू नकोस. त्याला घरून, म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चकडून, पैसे येत होते. तुझ्या घरून तुझ्याकडेच पैशाची वाट बघतात, आणि ही गोष्ट पाचारणापेक्षा, म्हणजे देवाच्या बोलावण्यापेक्षा, हलकी नाही. मला त्याच्यातलं घ्यावंसं वाटतं ते एवढंच, की समोरचं काम अडलं तेव्हा हातात येईल ते तो नीट करत राहिला.

तुझ्या हातात स्टोअर आहे. नुसते हातमोजे मोजू नकोस. ज्याची मुदत आधी संपते ते पुढच्या रांगेत लाव. महिन्याला काय किती लागतं, ऑर्डर दिल्यावर माल किती दिवसांनी येतो, हे वहीत उतरव. खेड्यातल्या दवाखान्यात औषध संपल्यावरच कळतं, आणि हे सांभाळणारी सिस्टर पुढे इनचार्ज होते. अनुभवाच्या पत्रात हे काम तारखांसह लिहून माग. दुसरं म्हणजे तिथली भाषा, चिचेवा, शीक. ‘मुली ब्वांजी’ म्हणजे ‘कशा आहात’. आपल्या कानाला पोरींना हाक मारल्यासारखं वाटतं, म्हणून विसरणारही नाहीस. परवाना आला त्या दिवशी पेशंटचं दुखणं दुभाष्याशिवाय कळलं पाहिजे.

आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. तुझी कधी संपते, आजच बघ. परत येऊन नोकरी धरताना नेमकी तीच आडवी येते.

आणि एक तारीख ठरव. माझ्या मते पुढचे तीन महिने. तेवढ्यात परवाना किंवा निदान त्याचं लेखी कारण आलं, तर दोन वर्षं पुरी कर. नाही आलं, तर पाळकसाहेबांना आणि दवाखान्याला स्वच्छ सांगून परत ये. यवतमाळात, मेळघाटात, गडचिरोलीत सिस्टर हव्याच आहेत. परतलीस म्हणून तुझं पाचारण खोटं ठरत नाही. मंडळीत कुणी तसं म्हणालंच, तर त्यांना नऊ महिने हातमोजे मोजायला बसव.

आईला ‘देवाची इच्छा असेल तेव्हा’ म्हणू नकोस, ती तारीख सांग. तुझ्याकडे साडेतीन वाजतात तेव्हा दारव्ह्यात सात वाजतात. त्याच्या थोडं आधी फोन कर, भाकरी थापायला बसायच्या आत.