दाण्याची अ‍ॅलर्जी आणि क्रूझचा किड्स क्लब

अगं, पोराला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तर क्रूझवरच्या किड्स क्लबात, म्हणजे बोटीवर पोरांना सांभाळतात तिथं, सोडताना काय काळजी घ्यायची, असं विचारलंस ना? कोल्हापुरात आपण कुटाशिवाय भाजी करत नाही, भडंगाची पुडी तर पोरांच्या हातात कायमच. तिथं निदान शेजारीपाजारी ओळखीचे असतात. बोटीवर कुणालाच माहिती नसतं. म्हणून बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळव, आणि पहिल्या दिवशी क्लबच्या ताईला समोरासमोर पुन्हा सांग. अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका आला तर द्यायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन कोण देणार, हे स्पष्ट विचार. काही ठिकाणी कर्मचारी देत नाहीत, आईबापांनाच बोलावतात. मग पोराला तिथं सोडून तू लांब जाऊ नकोस. दोन इंजेक्शनं जवळच ठेव, सामानात नकोत. मी एकदा केबिनमध्येच विसरले होते, सात मजले धावले. क्लबमधल्या वाढदिवसाच्या केकला मात्र सरळ नाही म्हण. आपला राजगिऱ्याचा लाडू डब्यात दे, आधी त्यात दाणे नाहीत ना ते बघून. डबा आत चालतो का, तेही विचारून ठेव.