घर बांधताना : खिडक्या केवढ्या आणि कुठे?

प्रश्न : आमचं तळमजल्याचं घर वीटबांधकामात, लोड बेअरिंग (खांबांऐवजी भिंतींवर भार) होणार आहे. नकाशात सगळ्या खोल्यांना ५ बाय ४ फुटांच्या स्लायडिंग खिडक्या आहेत. रस्ता पश्चिमेला असल्यानं हॉलला त्या बाजूला आठ फुटी काच लावावी असा मुलांचा आग्रह आहे. हे बरोबर आहे का? – एक वाचक, फलटण

आधी आकाराचं बघू. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार कोरड्या, उष्ण हवेत खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक-दशांश, दमट हवेत एक-षष्ठांश लागतं. समजा खोली १२ बाय १० ची, म्हणजे १२० चौरस फुटांची आहे, तर फलटणला १२ चौरस फूट पुरे. ५ बाय ४ चे २० होतात, त्यामुळे कागदावर अडचण नाही. पण या हिशेबात चौकटीसकट अख्खी खिडकी धरतात आणि दोन पल्ल्यांची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते. फ्रेम वजा जाता वारा यायला नऊ-साडेनऊ चौरस फूटच उरतात. बेडरूमला बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी घ्या. ती जवळजवळ पूर्ण उघडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट हवी. कोपऱ्यातल्या खोलीला एका भिंतीत ६ बाय ४ ची एक खिडकी देण्यापेक्षा दोन वेगळ्या भिंतींत ३ बाय ४ च्या दोन द्या. क्षेत्रफळ तेवढंच, पण हवा खोलीतून आरपार जाते. खोलीला बाहेरची भिंत एकच असेल, तर समोरच्या दारावर दीड फूट उंचीचा, उघडता येणारा झरोका ठेवा.

आता पश्चिमेची काच. ती तिथे लावू नका असंच आमचं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता तुमच्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा त्या वेळी खिडकीवर जेमतेम फूटभर सावली पाडतो, बाकीची काच उन्हात. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत आलेलंच असतं. तो पडदा तापतो आणि खोलीही तापवतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच. पश्चिमेला सात-आठ फूट रुंद व्हरांडा काढा आणि हॉलला तिकडून दोन-दोन फूट रुंदीच्या दोन उभ्या खिडक्या ठेवा. रस्ताही दिसेल, संध्याकाळचा वाराही येईल.

मोठी खिडकी दक्षिणेला घ्या. डिसेंबरात दुपारी सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. खिडकीच्या वरच्या कडेलगत दोन फुटी छज्जा असेल, तर चार फूट उंचीच्या खिडकीचा वरचा सव्वादोन फूट भाग सावलीत राहतो आणि खालून कोवळं ऊन आत येतं. मार्चअखेरीपासून त्याच छज्ज्याची दुपारची सावली पूर्ण खिडकी झाकते. अभ्यासाचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, तिथे उजेड डोळ्यांवर येत नाही.

जागा ठरवताना नकाशावर पलंग आणि कपाट मापात काढून बघा. कपाट दोन फूट खोल असतं, म्हणून ते ज्या कोपऱ्यात येणार तिथे खिडकी कोपऱ्यापासून किमान सव्वादोन फूट लांब हवी. नाहीतर कपाटाची बाजू झडपेवर येते. शिवाय लोड बेअरिंगमध्ये कोपऱ्याजवळ आणि दोन खिडक्यांच्या मध्ये दोन फूट सलग भिंत ठेवा. लिंटेल, म्हणजे खिडकी-दारावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान सहा इंच टेकलं पाहिजे, नऊ असेल तर उत्तम.

हमखास चूक होते ती उंचीत. बेडरूमची सिल (खिडकीची खालची कड) अडीच फुटांवर, लिंटेल सात फुटांवर, असं आपण सांगतो ते तयार फरशीपासून. गवंडी मोजतो प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून. पुढे कोबा आणि फरशी मिळून दोन-तीन इंच वर येतात, मग सिल सव्वादोन फुटांवर उतरते आणि दारं पावणेसात फुटांची होतात. म्हणून प्लिंथ झाल्यावर, भिंती कमरेच्या वर आल्या की पाणी भरलेल्या लेव्हल पाइपनं सगळ्या खोल्यांत तयार फरशीपासून तीन फुटांची रेघ मारून घ्या. पुढची सगळी मापं त्या रेघेवरून.

प्रश्न : ओट्यासमोरच्या खिडकीची सिल किती उंच ठेवावी? – एक वाचक, बारामती

ओटा पावणेतीन फूट आणि त्यावर भिंतीतल्या नळासाठी नऊ इंच, म्हणजे सिल साडेतीन फुटांवर. नळ ओट्यावर उभा बसवणार असाल, तर झडपा आत उघडणाऱ्या नकोत, त्या नळावर आपटतात. शेगडी खिडकीसमोर न ठेवता दीड-दोन फूट बाजूला घ्या, वाऱ्यानं ज्योत विझू शकते. एक्झॉस्ट फॅन त्याच खिडकीच्या वरच्या भागात बसवू नका. तो शेजारच्या उघड्या झडपेतली ताजी हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि फोडणीचा धूर तिथेच राहतो. फॅन शेगडीच्या जवळ, खिडकीपासून लांब हवा.

प्रश्न : जांभ्याच्या घरात पश्चिमेची स्लायडिंग खिडकी दर पावसाळ्यात गळते. दोनदा सिलिकॉन मारून झालं. आता घराला लागून आम्ही नवी खोली काढतोय, तिथे काय करावं? – एक वाचक, गुहागर

आधी खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. पाणी साचून आत सांडलं, तर ती भोकं मातीनं, किंवा त्या सिलिकॉननंच, बुजली आहेत. सुरीनं मोकळी करा. पाणी बाहेर नीट गेलं आणि तरी पावसात सिलखालचा गिलावा ओला होत असेल, तर फ्रेम आणि दगड यांच्यामध्ये फट आहे किंवा सिलचा उतार आत आहे. उतार चुकला असेल तर सिलिकॉनचा उपयोग नाही, सिल काढून पुन्हा बसवावी लागते.

नव्या खोलीत सिलचा दगड बाहेर अर्धा इंच उतरता आणि भिंतीच्या दीड इंच पुढे आलेला हवा. त्याच्या आणि छज्ज्याच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेजवळ, लांबीभर खाच पाडा. खाच नसेल तर पाणी खालच्या अंगानं मागे सरकत भिंतीत शिरतं. पश्चिमेला रबराच्या पट्टीवर घट्ट मिटणाऱ्या, बाहेर उघडणाऱ्या झडपा घ्या.

तुमच्याकडे दमट हवेचा एक-षष्ठांशाचा नियम लागू होतो. पण हवा सर्वांत कोंदट असते तेव्हाच, भर पावसात, पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणून तेवढं क्षेत्रफळ शक्यतो पूर्व आणि उत्तरेला काढा, आणि पश्चिमेच्या भिंतीत पागोळ्यांच्या आत, अगदी छपरालगत, तिरप्या पट्ट्यांचे झरोके ठेवा. पट्ट्यांचा उतार बाहेर, आतून बारीक जाळी.