पोरं टिकत नाहीत, काय करू?

प्रश्न: आमची संस्था बीड जिल्ह्यात तीसेक वर्षं पाणलोटाचं काम करते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एमए) झालेली पोरं येतात अन् वर्षभरात जातात. तळमळच नाही का हो यांना?

उत्तर: ताई, तळमळ असते, पण रूमभाडं तळमळीने भरता येत नाही ना! गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ला तरुणांना सामाजिक कामाकडे वळवणारं ‘निर्माण’ सुरू केलं, तिथे जातातच की तरुण. आधी पीएफ बघा, २० माणसं असतील तर तो कायद्यानेच द्यावा लागतो, आणि परदेशी निधीत ॲडमिन खर्चाची मर्यादा २०२०मध्ये ५०वरून २० टक्क्यांवर आली हे खरं, पण म्हणून फील्डवरच्या पोरांचे पगार दाबू नका, ते प्रोजेक्टच्या बजेटमध्येच नीट मागा. आणि सगळे निर्णय अजून संस्थापक सरच घेत असतील तर पोरगं कशाला थांबेल? एखाद्या गावाचं बजेट त्याच्या हातात द्या, चुकलं तर चुकू दे.