पत्रक वाचून गोळी बंद केली

प्रश्न : डॉक्टर, मी २७ वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी पहिली फिट आली. अपस्मारावरची (फिट येण्याच्या आजारावरची) लॅमोट्रिजिन ही गोळी १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेते, दोन वर्षांत एकही फिट नाही. आता गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक वाचून घाबरले आणि चार दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझं चुकलं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं, की मेंदूविकारतज्ज्ञांना आजच्या आज गाठा आणि तोवर मनाने पूर्ण डोस सुरू करू नका. हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहिलं होतं. लॅमोट्रिजिनमध्ये काही दिवसांचा खंड पडला, तर कधी कधी पुन्हा छोट्या डोसपासून चढत जावं लागतं. एकदम जुना डोस घेतला तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. किती खंड चालतो, ते डॉक्टरच ठरवतील.

बाळासाठी केलंत, हे मला कळतं. पण मोठी फिट आली की आईचा प्राणवायू कमी होतो, ती पडते, पोटाला मार बसतो. गोळी अचानक थांबवली तर फिट लांबण्याची आणि एकामागून एक येण्याचीही भीती असते. त्यात आईचा जीवही जाऊ शकतो. पत्रकात दुष्परिणामांची यादी नजरेत भरते, गोळी न घेण्याचे परिणाम तितके भरत नाहीत.

शिवाय सगळ्या गोळ्या एका मापाच्या नाहीत. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्या दुसऱ्या गोळीने साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मजात व्यंग दिसतं, आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर परिणाम होतो. म्हणून दिवस राहण्याआधीच ती बदलता येते का, हे पाहायचं असतं. (ती घेत असताना दिवस राहिले, तरी स्वतःहून थांबवायची नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं.) तुमच्या लॅमोट्रिजिनने व्यंगाचं प्रमाण १०० त २ ते ३ आहे, म्हणजे जवळजवळ कुठलंही औषध न घेणाऱ्या आईच्या बाळाइतकंच. फॉलिक ॲसिड चालू नसेल तर डोस विचारून घ्या. अपस्माराच्या रुग्णांना बहुतेकदा ५ मिलिग्रॅम देतात, तेही दिवस राहण्याआधीपासून. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यातली सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका.

आता लॅमोट्रिजिनची खोड. गरोदरपणात शरीर ते फार झपाट्याने बाहेर टाकतं. गोळी तीच, पण रक्तातलं प्रमाण निम्म्यावरही येऊ शकतं. म्हणून रक्ततपासणी करत डोस वाढवावा लागतो. डोस वाढला म्हणजे आजार वाढला, असं समजून रडू नका. आणि बाळंतपणानंतर उलटं होतं. माझी एक रुग्ण दहाव्या दिवशी भिंत धरत धरत आली. चक्कर, एकाचे दोन दिसत होते. घरचे म्हणत होते, अशक्तपणा आहे. वाढवलेला डोस उतरवायचं कुणी तिला सांगितलंच नव्हतं. तो उतरवला आणि ती सावरली. प्रसूतीनंतरच्या डोसचं वेळापत्रक आत्ताच कागदावर लिहून घ्या.

फक्त अपस्मार आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. लॅमोट्रिजिनवर अंगावर पाजताही येतं. बाळ फार सुस्त वाटलं किंवा अंगावर पुरळ आलं तर दाखवा. झोपमोड मात्र फिटला बोलावते, म्हणून रात्रीचं एखादं पाजणं, तुम्ही काढून ठेवलेल्या दुधावर, दुसऱ्या कुणी सांभाळावं. बाळाचे कपडे जमिनीवर बसून बदला, आणि एकटीने त्याला अंघोळ घालू नका.

नवऱ्याला आज रात्रीच सांगा. फिट आली तर तुम्हाला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. थांबली तरी त्याच दिवशी तपासणी. आणि विसाव्या आठवड्यानंतर कुठलीही मोठी फिट आली, तर ती नेहमीचीच असेल असं धरून घरी थांबू नका, थेट रुग्णालयात जा. रक्तदाब वाढूनही झटके येतात, आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.