होम प्रोग्रॅम लिहिण्याआधी

प्रिय,

सेरेब्रल पाल्सीच्या त्या मुलाकडून घरी काय काय करून घ्यायचं याचा, त्याच्या आईसाठी लिहिलेला तुझा होम प्रोग्रॅम वाचला. मेहनत दिसते आहे, चित्रंही छान काढली आहेस. पण एकदा बेरीज कर. दोन वेळा स्ट्रेचिंग, टेबलाशी बसून मणी ओवणं, जेवणाआधी तोंडाचे व्यायाम, संध्याकाळी चित्रकार्ड. हे झालं तुझं एकटीचं. फिजिओचं वेगळं, स्पीच थेरपिस्टचं वेगळं, शाळेचा अभ्यास आहेच. प्रत्येकजण म्हणतो, फक्त वीस मिनिटं. ती सगळी वीस-वीस मिनिटं काढायची कोणी, तर त्या एकाच आईने.

म्हणून आधी विचारायचं ते हे: काल सकाळी उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत काय काय झालं, ते सांगा. 'काही अडचण आहे का?' असं विचारलंस तर पालक 'नाही, ठीक चाललंय' म्हणून मोकळे होतात. दिवस सांगायला लागले की गाडी नेमकी कुठे अडते ते आपोआप कळतं. बहुतेक वेळा ती कपडे घालण्यापाशी नाहीतर दात घासण्यापाशी अडते. तुझं काम तिथे आहे.

पॅन्ट घालण्याचंच घे. मुलाला भिंतीला टेकून ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसवायचं, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचाल आणि तोल यांवर ताबा कमी असताना, मुलाला तोल सांभाळायलाच हात लागत असतील, तर पॅन्ट ओढायला हात उरणार कुठून? आईने पाय घालून द्यायचे, आधार देऊन त्याला उभं करायचं, पॅन्ट कंबरेच्या जरा खालपर्यंत आणायची आणि थांबायचं. शेवटचा हिसका त्याचा. तो जमला की पुढे मांड्यांपासून त्याने ओढायची, मग गुडघ्यांपासून. आपण याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतो. याची गंमत अशी, की काम दर वेळी मुलाच्या हातूनच पुरं होतं. अर्ध्यात हरून आईकडे बघायची पाळी येत नाही. आणि वेगळा वेळ लागत नाही, कारण पॅन्ट तर रोज घालायचीच असते. सकाळी घाई असेल तर आंघोळीनंतर किंवा रात्री कपडे बदलताना कर म्हणावं. घाईत शिकवायला जाऊ नये, दोघंही रडकुंडीला येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये आयसीएफ, म्हणजे माणसाचं आरोग्य आणि रोजचं जगणं एकत्र मांडणारं वर्गीकरण, आणल्यापासून 'सहभाग' (रोजच्या जगण्यात भाग घेणं) हा शब्द आपल्या रिपोर्टांत हटकून असतो. खाली ध्येयं मात्र 'पकड सुधारणे', 'लक्ष वाढवणे' अशीच. पकड सुधारून मूल काय करणार, ते लिहीत जा.

तोंडाचे व्यायाम काढून टाक. फुंकर मारून किंवा जीभ फिरवून उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा चित्रांचा बोर्ड, ज्यावर बोट ठेवून मूल आपलं म्हणणं सांगतं, तो घरात वापरला जाईल असं बघ. 'बोर्ड दिला तर हा बोलणारच नाही' ही धास्ती बहुतेक घरांत असते आणि ती हसण्यावारी नेऊ नकोस. अशा साधनांवरच्या अभ्यासांचा आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या भरवशाच्या नोंदींत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. हे पालकांना नीट सांग. बोर्डावर नुसती वस्तूंची चित्रं नकोत; 'नको', 'अजून', 'थांब', 'दुखतंय' हवंच. ज्याला 'नको' म्हणायची सोय नाही, तो चावून किंवा फेकून तेच सांगतो. आणि मोठ्यांनीही बोलता बोलता त्या चित्रांवर बोट ठेवायला हवं. बोर्ड वापरणारं कोणी दिसलंच नाही, तर मूल तो उचलेल कशाला?

भावंडाला तुझी असिस्टंट करू नकोस. बहिणीला त्याच्याशी खेळायचं असेल तर खेळू दे, भांडायचं असेल तर भांडूही दे.

पुढच्या भेटीत 'केलं का?' हा प्रश्न नको. उत्तर 'हो' येतं आणि ते खरं असतंच असं नाही. 'यातलं काय जमण्यासारखं नव्हतं?' असं विचार आणि जे सांगतील ते कागदावरून त्यांच्यासमोर खोडून टाक. वडील घरी असतील अशी वेळ मागून घे. निदान रात्रीचे कपडे तरी त्यांच्याकडे देता येतील.

मणी त्याला आवडत असतील तर राहू देत. नसतील तर शर्टाची बटणं आहेतच.

तुझी,
ताई