पहिल्यांदाच निधी मागताय? मग आधी हे बघ

भावा, संस्था नोंदवलीस, झकास. पण प्रस्ताव घेऊन थेट महापालिका आयुक्तांच्या दालनाबाहेर बसू नको. नवीन माणूस हमखास तिथंच चुकतो.

आधी पैसा कुठल्या खात्यातला, ते ओळख. महापालिकेत दिव्यांगांसाठी ५ टक्के आणि महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के राखीव असतात. कोल्हापुरात नागाळा पार्कात जिल्हा परिषदेकडे गेलास तर स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी. ग्रामपंचायतीत हाच आकडा १५. ‘समाजसेवेसाठी मदत मिळावी’ एवढंच लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर थांबत नाही. कारकून विचारतो, ‘लेखाशीर्ष कोणतं?’ म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या नोंदीखाली हा खर्च बसतो, आणि आपण बघत राहतो! माझा पहिला अर्ज असाच पाच महिने फिरला.

दुसरं, वेळ. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालू होते. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही, तोवर ताटं वाढून झालेली असतात.

आणखी तीन गोष्टी:
- मागच्या वर्षाचं अंदाजपत्रक मिळव. तरतूद किती, खर्च किती, एवढंच बघ.
- लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयाचे कागद अद्ययावत ठेव.
- पावती त्याच दिवशी फाईलला लाव. विनियोग दाखला, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला याचा कागद, अडला की पुढचा हप्ता अडलाच.

नगरसेवकाची ओळख? असू दे की. पण लेखा विभागाला कागदच लागतो.

निविदा, जिल्हा नियोजन समिती वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. एक खातं, एक प्रस्ताव. झाला की दाखव मला.